अमेरिकेतले कॅथलिक नक्की कुठल्या बाजूचे, आणि त्यांच्या बातम्या कशा वाचायच्या?

प्रश्न असा आहे: ‘बायडन कॅथलिक, उपराष्ट्राध्यक्ष व्हॅन्स कॅथलिक, सुप्रीम कोर्टात नऊपैकी सहा न्यायाधीश कॅथलिक, आणि आता पोप लिओही शिकागोचे. पण प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. मग राजकारण, अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि बातम्या यांच्याकडे बघण्याची अमेरिकेत काही कॅथलिक दृष्टी आहे का, की जो तो आपल्या पक्षाला धर्माचा मुलामा देतो? आणि तिकडच्या कॅथलिक बातम्या वाचायच्या तर भरवसा कोणाचा धरायचा?’

मुलामा देणारे भरपूर आहेत. पण दृष्टीही आहे. ती कुठल्याच पक्षाच्या साच्यात बसत नाही, म्हणून टीव्हीवरच्या वादात तिला खुर्ची मिळत नाही. मी मूळचा वसईचा. अमेरिकेत एका धर्मप्रांताच्या (एका बिशपांच्या हाताखालच्या विभागाच्या) साप्ताहिकात उपसंपादक म्हणून नोकरीची बहुतेक वर्षं काढली, त्यामुळे हा गोंधळ टेबलाच्या अलीकडून पाहिला आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: बोलण्याची मोकळीक कायद्यानं जितकी मोठी ठेवली, तितकं अमेरिकन चर्चचं भलंच झालं. त्या मोकळिकीत काय बोलायचं यावरचा लगाम कॅथलिक माणसानं स्वतःच्या हातात ठेवायचा असतो. चर्च तोंडघशी पडलं, ते हा लगाम दुसऱ्यांना घालायला गेल्यावर.

आधी राजकारण, कारण ते लवकर आटोपतं. बिशपांच्या परिषदेनं २००७ साली मतदारांसाठी एक दस्तऐवज काढला. दर राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीच्या आधी तो नव्या प्रस्तावनेसह पुन्हा निघतो. गर्भपात, इच्छामरण, वंशद्वेष, फाशी, स्थलांतरित, गरिबी, पर्यावरण असं सगळं त्यात आहे. २०२३च्या प्रस्तावनेत गर्भपाताचा प्रश्न सर्वांत वरचा म्हटला आहे. तरीही एखाद्या उमेदवाराच्या चुकीच्या भूमिकेला पाठिंबा म्हणून मत देणं आणि ती भूमिका नापसंत असूनही दुसऱ्या गंभीर कारणानं त्यालाच मत देणं, हा फरक त्या दस्तऐवजात जपलेला आहे. २००४ साली कार्डिनल रॅट्झिंगर यांनी, म्हणजे पुढच्या पोप बेनेडिक्ट यांनी, अमेरिकन बिशपांना पाठवलेल्या टिपणातही हेच होतं. दोन्ही पक्षांच्या प्रचारकांना हा भाग अडचणीचा, म्हणून तो उद्धृत कोणीच करत नाही.

धर्मगुरूंनी पक्षात उतरायचं नाही हा नियमही जुना. मॅसॅच्युसेट्सचे रॉबर्ट ड्रायनन हे येशूसंघीय (जेझुइट) फादर दहा वर्षं काँग्रेसचे सदस्य होते. १९८० साली रोमहून आदेश आला आणि त्यांनी पुन्हा उमेदवारी अर्ज भरला नाही. १९५४च्या एका करविषयक कायद्यानुसार करसवलत घेणाऱ्या संस्थांना उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. जुलै २०२५मध्ये अमेरिकेच्या कर खात्यानं कोर्टात सांगितलं, की उपासनेच्या वेळी आपल्याच भाविकांशी बोलताना पाळकांनी उमेदवाराचं नाव घेतलं तर तो या कायद्याचा भंग धरू नये. बऱ्याच पंथांना हायसं वाटलं. बिशपांच्या परिषदेनं मात्र लगेच कळवलं, की आमची भूमिका बदललेली नाही, आम्ही उमेदवारांची नावं घेणार नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते चर्चच्या पार्किंगमध्ये बघावं. निवडणुकीच्या आधीच्या रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) चालू असताना कोणीतरी येऊन प्रत्येक गाडीच्या वायपरखाली एक चकचकीत पत्रक खोचून जातं. वर ‘कॅथलिक मतदारांसाठी’, खाली दोन उमेदवारांचे फोटो, मधे पाच मुद्दे आणि त्यांच्यासमोर बरोबर-चूकच्या खुणा. सगळी मेख त्या पाच मुद्द्यांच्या निवडीत. स्थलांतरित आणि फाशी वगळली की एक उमेदवार संत ठरतो, गर्भपात वगळला की दुसरा. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात छापणाऱ्या संघटनेचं नाव असतं, धर्मप्रांताचा त्याच्याशी काही संबंध नसतो. सोमवारी सकाळी आमच्या कार्यालयात फोन मात्र दोन्ही बाजूंचे यायचे, आणि दोघांचीही खात्री असायची की ते पत्रक आम्हीच छापलं.

आता अभिव्यक्तिस्वातंत्र्य. इथे थोडं मागे जायला हवं. अमेरिकन राज्यघटनेची पहिली दुरुस्ती १७९१ची. धर्म, भाषण, वृत्तपत्र, सभा आणि गाऱ्हाणं मांडणं, अशी पाच स्वातंत्र्यं तिच्या एका वाक्यात आहेत. त्या काळी कॅथलिक म्हणजे मूठभर, संशयित अल्पसंख्य. १८३४ साली बॉस्टनजवळ चार्ल्सटाउनमध्ये धर्मभगिनींचा मठ जमावानं जाळला. १८४४ साली शाळेत कोणतं बायबल वाचायचं यावरून फिलाडेल्फियात दंगली झाल्या आणि चर्चं पेटली. १९२२ साली ओरेगनमध्ये कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवर्चस्ववादी संघटनेच्या पाठिंब्यानं कायदा झाला, की सगळ्या मुलांनी सरकारी शाळेतच जायचं. त्याविरुद्ध कोर्टात कोण गेलं, तर कॅथलिक शाळा चालवणाऱ्या धर्मभगिनी. १९२५ साली सुप्रीम कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. खाजगी शाळेच्या हक्काबद्दल अमेरिकेत आजही त्याच निकालाचा दाखला देतात.

छापलेल्या शब्दाचंही तसंच. चार्ल्सटनचे बिशप जॉन इंग्लंड यांनी १८२२ साली देशातलं पहिलं कॅथलिक वृत्तपत्र काढलं, ते प्रामुख्यानं आपल्या लोकांबद्दलच्या खोट्यानाट्या गोष्टींना उत्तर द्यायला. ज्यांना शिव्या पडत होत्या त्यांनीच सरकारकडे तोंडबंदी मागितली नाही. त्यांनी छापखाना घातला.

रोमला हे पचायला वेळ लागला. पोप सोळावे ग्रेगरी यांनी १८३२ साली वृत्तपत्रस्वातंत्र्याचा निषेधच केला होता, आणि १८६४ साली नववे पायस यांनी आधुनिक काळातल्या चुकांची जी यादी काढली तिच्यात अशा अनेक स्वातंत्र्यांना धरलं. डोळ्यांसमोर युरोपातल्या क्रांत्या होत्या, अमेरिकेचा अनुभव नव्हता. तो अनुभव शिकवणुकीच्या भाषेत बसवला न्यूयॉर्कच्या जॉन कर्टनी मरे या येशूसंघीय विचारवंतानं. पहिल्या दुरुस्तीची धर्माविषयीची कलमं म्हणजे कुठला सिद्धान्त नव्हे, एकत्र राहायच्या शांततेच्या अटी, असं ते म्हणत. १९५०च्या दशकात वरिष्ठांनी त्यांना या विषयावर लिहायला बंदी केली. पुढे त्यांनाच तज्ज्ञ म्हणून जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत बोलावलं गेलं. धर्मस्वातंत्र्यावरचा जाहीरनामा ७ डिसेंबर १९६५ रोजी २,३०८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर झाला, त्यात मरे यांचा हात स्पष्ट दिसतो. धर्माच्या बाबतीत कोणावर बळजबरी करायची नाही, कारण माणसाची प्रतिष्ठा तशी आहे, हा त्याचा गाभा.

आणखी एक गंमत. सार्वजनिक पदावरच्या माणसाविरुद्ध लिहिणाऱ्या वृत्तपत्राला सर्वांत मोठं कवच देणारा निकाल १९६४चा, न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन. तो लिहिला विल्यम ब्रेनन यांनी, जे तेव्हा कोर्टातले एकमेव कॅथलिक न्यायाधीश होते. १९८९ साली राष्ट्रध्वज जाळणं हीसुद्धा अभिव्यक्ती आहे, असं पाच विरुद्ध चारनं ठरलं. त्या पाचांत ब्रेनन, स्कॅलिया आणि केनेडी असे तीन कॅथलिक होते, आणि ब्रेनन व स्कॅलिया यांचं एरवी कशावरच जमत नसे.

या मोकळिकीचा सर्वांत वाईट वापर करणारा माणूसही आमच्यातलाच. फादर चार्ल्स कॉफ्लिन, डेट्रॉइटजवळच्या रॉयल ओकचे. १९२६ साली ते रेडिओवर बोलू लागले, मुलांसाठी धर्मशिक्षण वगैरे. मग मंदी आली. बँकवाल्यांवर आसूड ओढणारा तो आवाज कोट्यवधी लोक रविवारी दुपारी ऐकू लागले. आधी रूझवेल्टचे कट्टर समर्थक, मग कट्टर विरोधक, आणि शेवटी उघड ज्यूद्वेष्टे. १९३८ साली त्यांच्या साप्ताहिकानं ज्यूंच्या जागतिक कटाचा तो कुप्रसिद्ध बनावट मजकूर छापला. जर्मनीत ज्यूंची दुकानं आणि सभास्थानं फोडली गेली, त्यानंतर काहीच दिवसांत रेडिओवरून त्यांनी त्या हिंसेची सारवासारव केली. न्यूयॉर्कच्या एका केंद्रानं पुढची भाषणं लावायला नकार दिला. शिकागोचे कार्डिनल मुंडेलाइन यांनी जाहीर केलं, की हा माणूस चर्चच्या वतीनं बोलत नाही.

त्यांना गप्प कोणी केलं? डेट्रॉइटचे जुने बिशप गॅलघर त्यांना पाठीशी घालत राहिले, ते १९३७मध्ये वारले. त्यांच्या जागी आलेले आर्चबिशप मूनी जपून पावलं टाकत होते. १९४२ साली, युद्ध सुरू झाल्यावर, सरकारनं त्या साप्ताहिकाची टपाल सवलत काढली. मग मूनी यांनीही सांगितलं: हे बंद करा, नाहीतर धर्मगुरूपद जाईल. कॉफ्लिन थांबले आणि १९६६पर्यंत त्याच धर्मग्रामात (एका चर्चच्या भाविकांच्या परिसरात) मिस्सा करत राहिले. सरकारच्या टपाल बंदीबद्दल मला आजही शंका आहे. युद्धकाळात असा हात एकदा सैल सुटला की तो कोणावर पडेल सांगता येत नाही. पण बिशपांची चूक उलटी होती. त्यांच्या हातात पहिल्या दिवसापासून पूर्ण कायदेशीर अधिकार होता, आणि श्रोते दुखावतील म्हणून काही वर्षं तो वापरला गेला नाही. आज यूट्यूबवर कॉलर लावून राजकारण बोलणारे जे फादर आहेत, त्यांच्याबाबतही बिशपांची हीच पंचाईत होते.

दहाच वर्षांत न्यूयॉर्कमध्ये नेमका उलटा प्रकार घडला. एका इटालियन चित्रपटात देवाची विटंबना झाली म्हणून कार्डिनल स्पेलमन यांनी १९५१ साली बहिष्काराची हाक दिली. बहिष्कार हा त्यांचा हक्कच. पण राज्याच्या मंडळानं चित्रपटाचा परवानाच रद्द केला. वितरक सुप्रीम कोर्टात गेला आणि १९५२ साली कोर्टानं एकमतानं ठरवलं, की चित्रपटालाही भाषणस्वातंत्र्याचं संरक्षण आहे, आणि धर्मनिंदा हे सरकारी बंदीचं कारण होऊ शकत नाही. कार्डिनल नुसते ‘बघू नका’ म्हणून थांबले असते तर तो चित्रपट दोन आठवड्यांत विसरला गेला असता.

कायद्याचा भाग इथे संपतो. विवेकाचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात आठव्या आज्ञेखाली, म्हणजे ‘खोटी साक्ष देऊ नको’ याखाली, तीन वेगवेगळी पापं सांगितली आहेत. पुरावा नसताना मनातल्या मनात कोणाला दोषी धरणं हे एक. खोटं बोलून बदनामी करणं हे दुसरं. तिसरं बातमीदाराला सर्वांत अवघड: दोष खरा आहे, पण सांगण्याचं रास्त कारण नसताना तो ज्यांना माहीत नव्हता त्यांना सांगणं. म्हणजे ‘खरं आहे ना, मग छाप’ हे अमेरिकन कोर्टात चालेल, कुमसाराला, म्हणजे पापकबुलीला, गेल्यावर नाही.

ही तिसरी शिकवण सुंदर आहे, आणि तिच्यावरच सर्वांत मोठं पाप झाकलं गेलं. लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात हलवत राहायचं, आणि कोणी बोललं तर ‘चर्चची बदनामी’ होते म्हणायचं. कॅन्सस सिटीचं ‘नॅशनल कॅथलिक रिपोर्टर’ हे प्रापंचिकांनी, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या भाविकांनी, चालवलेलं वृत्तपत्र १९८५ सालीच लुइझियानातल्या प्रकरणावर लिहीत होतं. तेव्हा त्याला घर जाळणारं म्हटलं गेलं. १९९२ साली अशाच एका प्रकरणाच्या बातम्यांवर चिडून बॉस्टनचे कार्डिनल लॉ यांनी प्रसारमाध्यमांवर, विशेषतः ‘बॉस्टन ग्लोब’वर, देवाची शक्ती उतरो अशा अर्थाचं जाहीर विधान केलं.

दहा वर्षांनी त्याच ‘ग्लोब’नं ही लपवाछपवी उघडी केली ते जगाला माहीत आहे, पण त्यातला एक तपशील निसटतो. ‘ग्लोब’कडे सुरुवातीला कोणी गुप्त कागद आणून दिले नव्हते. मार्टिन बॅरन हे नवे संपादक २००१ साली आले. अत्याचाराच्या दाव्यातली चर्चची कागदपत्रं कोर्टाच्या आदेशानं बंद आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि ती खुली करावीत म्हणून वृत्तपत्रानं सरळ अर्ज केला. न्यायाधीश कॉन्स्टन्स स्वीनी यांनी तो मान्य केला. पहिली मोठी बातमी ६ जानेवारी २००२ला छापून आली. जूनमध्ये डॅलस इथे बिशपांना मुलांच्या संरक्षणाचा आराखडा मंजूर करावा लागला, आणि डिसेंबरात कार्डिनल लॉ यांनी राजीनामा दिला. बातमीदारांच्या त्या पथकातले बरेच जण कॅथलिक घरांतच वाढलेले होते. नोव्हेंबर २०२१मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पत्रकारांचे आभार मानले, की चर्चमध्ये काय चुकतंय ते तुम्ही सांगता आणि ते गालिच्याखाली ढकलू देत नाही. बळींच्या बाजूनं बोलणं हे रास्त कारण आहे, हे एरवी सांगायलाही लागू नये.

पण त्याच वर्षी उलट्या टोकाचं उदाहरणही घडलं. ‘द पिलर’ नावाच्या नव्या कॅथलिक संकेतस्थळानं डेटिंग ॲपचा बाजारात विकत मिळणारा मोबाइल डेटा तपासून बिशपांच्या परिषदेच्या सरचिटणीसाच्या खाजगी वागणुकीवर बातमी केली. त्यांचा राजीनामा झाला. बातमीत अल्पवयीनांशी गैरवर्तनाचा पुरावा नव्हता. काहींनी म्हटलं, पद मोठं होतं, ब्रह्मचर्याचं व्रत होतं, म्हणून सांगणं भाग होतं. माझ्या मते ती पद्धतच घातक होती: उद्या कोणीही पैसेवाला कोणाच्याही फोनचा माग काढून त्याला धर्मकार्य म्हणेल.

आता भरवसा कोणाचा धरायचा. पहिल्यांदा मालक बघा. धर्मप्रांताच्या वृत्तपत्राचा प्रकाशक स्वतः बिशप असतो. त्यात धर्मग्रामांच्या बातम्या चोख मिळतील, बिशपांवरचा शोधलेख मिळणार नाही. अलाबामातल्या मदर अँजेलिका यांनी १९८१ साली सुरू केलेली ईडब्ल्यूटीएन ही वाहिनी आज सर्वांत मोठी. ‘नॅशनल कॅथलिक रजिस्टर’ आणि ‘कॅथलिक न्यूज एजन्सी’ हीसुद्धा तिचीच, म्हणजे तीन ठिकाणी एकच बातमी दिसली तर तीन साक्षीदार मिळाले असं समजू नका. ‘अमेरिका’ हे येशूसंघीयांचं, १९०९पासूनचं. २००५ साली रोमच्या दबावाखाली त्याच्या संपादकांनी पद सोडलं. ‘कॉमनवील’ १९२४पासून प्रापंचिकांच्या हातात. बिशपांची स्वतःची वृत्तसंस्था १९२० पासून चालत होती. तिचं देशांतर्गत काम २०२२च्या अखेरीला बंद झालं, आणि तिची जागा ओएसव्ही न्यूजनं घेतली. त्या जुन्या संस्थेच्या तारा आम्ही वर्षानुवर्षं पानात लावल्या. कंटाळवाण्या असायच्या, पण नावं आणि तारखा क्वचितच चुकायच्या.

नावात ‘कॅथलिक’ आहे यावरून काही ठरवू नका. चर्चच्या कायद्याच्या २१६व्या कलमाप्रमाणे ते नाव लावायला संमती लागते. पण हे कलम येण्याआधी, १९६८ साली, कॅन्सस सिटीच्या बिशपांनी ‘रिपोर्टर’ला ते काढायला सांगितलं आणि त्यांनी काढलं नाही, कारण अमेरिकेचं कोर्ट त्यात पडत नाही. त्याच कायद्याचं २१२वं कलम प्रापंचिकांना आपलं मत धर्मपालांना आणि इतरांना सांगायचा हक्क देतं, प्रसंगी ते कर्तव्य ठरवतं. दोन्ही बाजूंचे लोक आपल्या सोयीचं एकच कलम वाचतात.

दुसरं, मूळ मजकूर शोधा. ३० सप्टेंबर २०२५ला पोप लिओ पत्रकारांशी मिनिटभर बोलले. गर्भपाताला विरोध आहे म्हणणारा माणूस फाशीच्या बाजूचा असेल किंवा स्थलांतरितांना मिळणाऱ्या अमानुष वागणुकीशी सहमत असेल, तर त्याला जीवनाचा कैवारी म्हणावं का, असं त्यांनी विचारलं. विषय होता इलिनॉयचे सिनेटर डर्बिन यांना शिकागोच्या कार्डिनलांनी देऊ केलेला सन्मान. डर्बिन गर्भपाताच्या हक्काचे समर्थक. संध्याकाळपर्यंत एका बाजूच्या मथळ्यात फक्त स्थलांतरित उरले, दुसऱ्या बाजूच्या मथळ्यात ‘पोप गोंधळलेले’. पोपच्या बोलण्यात गर्भपाताचा विरोध गृहीत होता, तो दोन्हीकडे गळला.

व्हॅन्स यांच्या बाबतीत तसंच झालं. आधी कुटुंब, मग शेजारी, मग देश, मग जग असा प्रेमाचा क्रम त्यांनी जानेवारी २०२५मध्ये टीव्हीवर सांगितला. १० फेब्रुवारीला पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकन बिशपांना पत्र लिहून परक्या जखमीला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या बायबलमधल्या दाखल्याकडे बोट दाखवलं. पत्र दोन-तीन पानांचंच. त्यात देशाला आपल्या लोकांचं गुन्हेगारांपासून रक्षण करायचा हक्क आहे हेही मान्य केलेलं आहे; ज्यांनी फक्त मथळे वाचले त्यांना ते कळलंच नाही. नोव्हेंबरात बाल्टिमोरला बिशपांनी सरसकट हद्दपारीला विरोध करणारा विशेष संदेश २१६ विरुद्ध ५ मतांनी काढला, तिघं तटस्थ राहिले. एरवी अमेरिकन बिशप फाटलेले आहेत असं लिहिणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

वसईतल्या आणि गोव्यातल्या धर्मग्रामांच्या व्हॉट्सॲप गटांवर आता अमेरिकन कॅथलिक चित्रफितींचे तुकडे सर्रास फिरतात. बहुतेक एका विशिष्ट राजकारणाचे, आणि त्यांतले वाद आपल्याकडच्या प्रश्नांशी फारसे जुळत नाहीत. आपल्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ संपादित करताना वसईची झाडं, पाणी आणि गुंडगिरी यांवर लिहिलं ते गावात राहून, धमक्या सोसून. त्या तुकड्यांपैकी एखादा तुमच्याकडे आला तर तो पुढे पाठवण्याआधी बोलणाऱ्याचं नाव, त्याचा धर्मप्रांत आणि तिथल्या बिशपांनी त्याला जाहीर बोलायची परवानगी ठेवली आहे का, एवढं शोधा. पाच मिनिटांत सापडतं. पोपचं विधान असेल तर व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर त्यांची भाषणं आणि पत्रं मिळतात. तिथे मजकूर आणि तारीख सापडली नाही, तर ते विधान तिथेच सोडून द्या.